‘फाइन’ : बारीक, उत्तम, ठीक की दंड?

शब्दपारखी

अवघड शब्द आला की आपण मुकाट्याने कोश उघडतो. खरी फसगत होते ती ओळखीच्या शब्दांत. ‘फाइन’ हा त्यांपैकीच एक. शाळेत ‘हाउ आर यू’ला ‘आय ॲम फाइन’ हे उत्तर पाठ झाले की हा शब्द आपल्याला आला असे आपण धरून चालतो. पुढे ‘फाइन सँड’ म्हणजे बारीक वाळू, ‘फाइन आर्ट्स’ म्हणजे ललित कला, ‘फाइन वेदर’ म्हणजे उघडीप आणि नियम मोडल्यावर भरावा लागतो तोही ‘फाइन’च, असे अर्थ एकेक करून येऊन मिळतात, पण ते एकमेकांचे कोण लागतात हे कोणी सांगत नाही.

अनुवाद करताना मला दोन प्रश्न पडले आहेत. पहिला असा, की हा एकच शब्द मानावा, की केवळ उच्चाराने जुळलेले दोन-तीन शब्द? दुसरा प्रश्न अगदी नेमका आहे. इंग्लंडमधील भाडेपट्ट्याच्या एका जुन्या मसुद्यात, मालकाने पट्टा ‘विदाउट टेकिंग अ फाइन’ द्यावा, असे कलम आहे. पट्टा आज सुरू होतो आहे, भाडेकरूच्या हातून अजून काहीही घडलेले नाही. मग दंड कशाबद्दल? जाणकारांनी दोन्हींवर लिहावे. प्रतिशब्दही सुचवावेत, कारण माझ्याकडे ‘बारीक’ आणि ‘उत्तम’ यांपलीकडे फारसे काही उरलेले नाही.

तळटीप

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये ‘फीनिस’ म्हणजे शेवट किंवा सीमा. तो फ्रेंचमध्ये ‘फँ’ झाला आणि तेथून निरनिराळ्या वाटांनी इंग्रजीत उतरला. एका वाटेने ‘शेवटापर्यंत नेलेले’, म्हणून ‘पूर्णत्वाला पोचलेले’, म्हणून ‘निर्मळ, उच्च प्रतीचे’ असा अर्थ आला, आणि पुष्कळ गाळले, घासले, शुद्ध केले की वस्तू नाजूक व बारीक होते, म्हणून ‘बारीक’ हा अर्थ त्याला चिकटला. दुसऱ्या वाटेने ‘भांडणाचा शेवट करण्यासाठी दिलेली रक्कम’ हा अर्थ आला आणि कालांतराने त्याचा दंड झाला. कोशकार सोयीसाठी विशेषण आणि दंडवाचक नाम यांना वेगळ्या नोंदी देतात, पण दोन्ही नोंदींच्या तळाशी तीच ‘फीनिस’ असते.

‘फिनिश’, ‘फायनल’, ‘रिफाइन’, ‘डिफाइन’ (सीमा घालणे), ‘कन्फाइन’ (सीमेत कोंडणे) ही सारी भावंडे. ‘फायनान्स’सुद्धा याच घरातला; जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ देणे चुकते करून व्यवहार संपवणे असा होता.

निमशहाणा

म्हणजे दंड भरल्यावर ‘आय ॲम फाइन’ म्हणणारा माणूस दोन्ही अर्थांनी खरे बोलत असतो.

मुद्रितवाचक

प्रतिशब्दांचे म्हणाल तर मराठी येथे इंग्रजीहून कितीतरी श्रीमंत आहे, आणि आपण सगळीकडे ‘बारीक’ लावून ती श्रीमंती वाया घालवतो. कापड फाइन असेल तर ते तलम. चूर्ण फाइन असेल तर वस्त्रगाळ. कापडातून गाळून घेण्याइतके बारीक, ही सगळी कृती त्या एका शब्दात आली आहे. बुद्धी फाइन असेल तर कुशाग्र, म्हणजे कुशाच्या पात्याच्या टोकासारखी. कारागिरी फाइन असेल तर सुबक किंवा नाजूक. भेद फाइन असेल तर सूक्ष्म. प्रकृती फाइन असेल तर ठणठणीत. करारातला ‘फाइन प्रिंट’ म्हणजे बारीक टायपातल्या अटी, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या वाक्प्रचारात टायपाच्या आकारापेक्षा लपवाछपवीचा वास अधिक असतो, म्हणून मी बहुधा ‘आडबाजूच्या अटी’ असे करतो.

इंग्रजीतही पर्याय आहेतच. ‘थिन’, ‘डेलिकेट’, ‘सटल’ हे एका अंगाला. ‘एक्सलंट’, ‘सुपर्ब’ हे दुसऱ्या. ‘ओके’, ‘ऑल राइट’ हे तिसऱ्या. मात्र एका अंगाचा शब्द दुसऱ्या अंगाला चालत नाही, आणि समानार्थी शब्दांच्या याद्या वाचणाऱ्यांची गाडी येथेच रुळावरून घसरते.

सरळरेषा

@तळटीप, माहिती रंजक आहे, पण व्युत्पत्तीने वापर शिकता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. लॅटिन न येणारे कोट्यवधी लोक ‘फाइन’ बिनचूक वापरतात आणि लॅटिन येणारे चुकतात. शेवट या कल्पनेतून ‘उत्तम’ निघाला हे ऐकायला बरे वाटते. पण शेवटातून ‘निकृष्ट’ निघाला असता तरी आपण तितक्याच खात्रीने त्याचेही समर्थन केले असते.

तळटीप

@सरळरेषा, वापर शिकता येत नाही हे मान्य. पण समर्थन कशाचेही करता येते, हे मान्य नाही. सीमेकडून श्रेष्ठत्वाकडे जाणारी वाट मराठीलाही परिचित आहे. ‘अवधी’चा मूळ अर्थ सीमा, त्याला ‘परम’ जोडले की ‘परमावधी’ होतो. ‘काष्ठा’चा अर्थही सीमा, त्यातून ‘पराकाष्ठा’. आणि शेवटाकडून तंट्याच्या निकालाकडे जाणारी वाट हवी असेल तर ‘तड’ पाहा. तड म्हणजे काठ, किनारा. पण आपण काम तडीस नेतो आणि प्रकरणाची तड लागण्याची वाट पाहतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तोच रस्ता धरला असेल, तर तो नुसता योगायोग म्हणून सोडून देणे मला पटत नाही.

निमशहाणा

अवांतर : मराठीतला ‘दंड’ मुळात काठी. इंग्रजांनी भांडण मिटवण्यासाठी पैसे दिले म्हणून ‘फाइन’. आपण काठी दाखवून वसूल केले म्हणून ‘दंड’. दोन्हीकडे परिणाम एकच, पण आपला शब्द अधिक प्रामाणिक आहे.

कसोटी

मी धातुपरीक्षणाच्या क्षेत्रात काम करतो. आमच्याकडे ‘फाइन’चा अर्थ बारीक नाही आणि सुंदरही नाही, तेथे तो फक्त ‘शुद्ध’ आहे, तळटीप यांनी सांगितलेल्या पहिल्या अर्थाच्या अगदी जवळ. ‘फाइन गोल्ड’ म्हणजे ज्यात भेसळ जवळजवळ नाही असे सोने. शुद्धता हजारात मोजली जाते : 24 कॅरेटपैकी 22 भाग सोने असेल तर 916, 18 भाग असेल तर 750. स्टर्लिंग चांदी 925. या आकड्याला ‘फाइननेस’ म्हणतात. लंडनच्या घाऊक बाजारात चालणाऱ्या सुमारे 400 ट्रॉय औंसांच्या लगडीची शुद्धता किमान 995 असावी लागते, आणि तिचा हिशेब करताना एकूण वजन वेगळे लिहितात व ‘फाइन’ वजन वेगळे, म्हणजे त्यातला निव्वळ सोन्याचा भाग.

येथे गंमत अशी की ‘फाइन’ लगड दिसायला ओबडधोबड असते. कडा सरळ नसतात, पृष्ठभागावर ओतकामाच्या सुरकुत्या असतात. तिला कोणी सुबक म्हणणार नाही. मराठीत तिला बावनकशी म्हणावे लागेल.

मुद्रितवाचक

बावनकशी! हा माझ्या यादीतून सुटला होता. ‘शंभर नंबरी’ही त्याच अर्थाने चालतो, मात्र तो माणसांविषयी बोलताना अधिक शोभतो.

लेगग्लान्स

क्रिकेटचा उल्लेख अजून कसा झाला नाही? ‘फाइन लेग’मधील ‘फाइन’ हा वरच्यांपैकी कोणत्याच खणात बसत नाही. खेळपट्टीची मधली रेषा यष्टींच्या मागे तशीच पुढे वाढवली, तर तिच्या जितके जवळ तितके ‘फाइन’, आणि तिच्याशी जितका काटकोन होईल तितके ‘स्क्वेअर’. म्हणून चेंडूला हलकेच स्पर्श करून तो यष्टिरक्षकाच्या बाजूने मागे वळवला की समालोचक म्हणतात ‘ग्लान्स्ड व्हेरी फाइन’. फटका चांगला होता असे त्याला म्हणायचे नसते. कोन अरुंद होता, एवढेच तो सांगत असतो. झेल सुटून चार धावा मिळाल्या तरीही तो ‘फाइन’च. ‘स्क्वेअर’ आणि ‘फाइन’ हे एकमेकांचे विरुद्धार्थी शब्द आहेत, असे जगातल्या इतर कोणत्याही विषयात कोणी म्हणणार नाही.

सरळरेषा

@लेगग्लान्स, उत्तम उदाहरण. शब्दाचा अर्थ त्याचे शेजारी ठरवतात. क्षेत्ररक्षकाच्या शेजारी तो कोन दाखवतो, लगडीच्या शेजारी शुद्धता, हवामानाच्या शेजारी निरभ्र आकाश. आजी-पणजीचे नाव माहीत असून येथे काय उपयोग?

वकीलपत्र

उशिरा पोचलो, पण धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला दिसत नाही, आणि त्याचे उत्तर आजी-पणजीच्या नावातच दडलेले आहे.

भाडेपट्ट्याच्या संदर्भात ‘फाइन’ म्हणजे दंड नव्हे. पट्टा मिळवताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना भाडेकरूने मालकाला एकरकमी दिलेला मोबदला, असा त्याचा अर्थ. नियमित भाडे वेगळे आणि ही रक्कम वेगळी. इंग्लंडच्या 1925 च्या मालमत्ता कायद्याच्या व्याख्या-कलमात ‘फाइन’ या संज्ञेत ‘प्रीमियम’ आणि तत्सम रकमांचा समावेश स्पष्ट शब्दांत केलेला आहे. ‘विदाउट टेकिंग अ फाइन’ या अटीचा हेतूही व्यवहारातला आहे : दुसऱ्यासाठी मालमत्ता सांभाळणाऱ्याने सुरुवातीलाच गलेलठ्ठ रक्कम खिशात घालून पुढचे भाडे नाममात्र ठेवू नये, म्हणजे नंतरच्या हक्कदाराच्या हाती कोरडी जमीन राहणार नाही. तुमच्या मसुद्यातील कलम त्याच जातीचे दिसते. मराठी महसुली भाषेत यासाठी तयार शब्द आहे : नजराणा.

आता इतिहास. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीचा व्यवहार पक्का करण्याची एक विलक्षण पद्धत होती. घेणाऱ्याने देणाऱ्यावर लुटुपुटीचा दावा लावायचा, मग दोघांनी न्यायालयाच्या संमतीने समेट करायचा, आणि त्या समेटाची नोंद म्हणजेच हक्काचा पुरावा. या समेटाला ‘फाइन’ म्हणत, कारण त्याने वादाचा शेवट होई. एकाच चर्मपत्रावर मजकूर तीनदा लिहिला जाई. दोन प्रती शेजारी शेजारी आणि तिसरी तळाशी आडवी. मग ते चर्मपत्र नागमोडी कापून वरच्या दोन प्रती दोन पक्षांना देत आणि तळाची प्रत सरकारी दप्तरात ठेवत. पुढे कोणी बनावट कागद आणलाच, तर त्याची कड दप्तरातल्या कडेशी जुळत नसे. तळाची म्हणून त्या प्रतीला ‘फुट’ आणि अशा सगळ्या संचाला ‘फीट ऑफ फाइन्स’ म्हणतात. तळाची प्रत दप्तरी ठेवण्याची ही पद्धत 1195 मध्ये सुरू झाली आणि 1833 च्या कायद्याने तो सगळा प्रकारच रद्द होईपर्यंत चालली. सहाशे वर्षांहून अधिक काळ ‘फाइन’ या शब्दाचा एक मोठा अर्थ ‘समेट’ असा होता, हे लक्षात घेतले तर @सरळरेषा यांना व्युत्पत्तीविषयी थोडी माया वाटायला हरकत नाही.

शिक्षेच्या रकमेसाठी त्या काळी दुसरा शब्द होता, ‘अमर्समेंट’. म्हणजे अपराधी राजाच्या ‘मर्सी’वर, दयेवर. 1215 च्या मॅग्ना कार्टात अपराधाच्या प्रमाणातच रक्कम आकारावी असे जे कलम आहे, ते या अमर्समेंटविषयी आहे. फाइन ठरवून दिला जाई, अमर्समेंट लादली जाई. पुढे दुसरा शब्द मागे पडला आणि पहिला त्याच्या जागी बसला.

निमशहाणा

सहाशे वर्षे लुटुपुटीचे दावे! खरे दावे तेवढ्यात निकाली निघाले असतील का, हे विचारत नाही.

शब्दपारखी

@वकीलपत्र, मनःपूर्वक आभार. ‘नजराणा न घेता’ लिहिले की ते कलम एकदम सरळ होते. एक उपप्रश्न : ‘फाइन’, ‘पेनल्टी’ आणि ‘डॅमेजेस’ यांना मराठीत वेगळे ठेवायचे असेल तर काय करावे?

वकीलपत्र

‘डॅमेजेस’ म्हणजे नुकसानभरपाई. ती ज्याचे नुकसान झाले त्याला मिळते. ‘फाइन’ म्हणजे द्रव्यदंड. तो सरकारजमा होतो. ‘पेनल्टी’ हा सर्वांत ढगळ शब्द आहे. त्यात शिक्षा, शास्ती, करार मोडल्याबद्दलची रक्कम असे सारे मावते. त्याला मी ‘शास्ती’ ठेवतो, म्हणजे ‘दंड’ हा शब्द ‘फाइन’साठी मोकळा राहतो. ग्रंथालयात पुस्तक उशिरा परत केल्यावर घेतात त्यालाही लोक ‘फाइन’ म्हणतात. काटेकोर अर्थाने ते विलंब-शुल्क आहे, पण तेथे काटेकोरपणा करून कोणी माफ करत नाही.

सरळरेषा

माया वाटली, पण मत बदलले नाही. आता थोडे वापराकडे वळू, कारण शिकवताना मला रोज जे दिसते ते अद्याप येथे आलेले नाही.

‘आय ॲम व्हेरी फाइन’ हे वाक्य आपल्याकडचे विद्यार्थी सर्रास लिहितात आणि इंग्रजी कानाला ते खटकते. ‘ठीक’ या अर्थाच्या ‘फाइन’ला ‘व्हेरी’ लागत नाही. ‘ॲब्सोल्यूटली फाइन’, ‘परफेक्टली फाइन’, ‘जस्ट फाइन’ चालते. ‘उत्कृष्ट’ किंवा ‘बारीक’ अर्थी मात्र ‘व्हेरी’ बेलाशक लावावा : ‘अ व्हेरी फाइन पेंटिंग’, ‘व्हेरी फाइन सँड’. म्हणजे ‘व्हेरी’ लावल्याबरोबर ऐकणाऱ्याचे मन ‘ठीक’ सोडून दुसऱ्या अर्थाकडे वळते, आणि ‘आय ॲम व्हेरी फाइन’ म्हणणारा स्वतःला उत्कृष्ट किंवा बारीक ठरवून बसतो.

दुसरे, हा ‘ठीक’वाला ‘फाइन’ प्रश्नात आणि नकारात सहसा येत नाही. कोणी धडपडले तर ‘आर यू ओके’ किंवा ‘आर यू ऑल राइट’ असे विचारतात. ‘फाइन’ उत्तरासाठी राखून ठेवलेला असतो. ‘आय ॲम नॉट फाइन’ असे वाक्य ऐकू येते ते बहुधा कोणी आधी ‘यू आर फाइन’ म्हटले असेल तेव्हा, प्रतिवाद म्हणून.

तिसरे, क्रियाविशेषण. ‘इट वर्क्स फाइन’ म्हणजे ते व्यवस्थित चालते. तेथे ‘फाइनली’ लावले तर वाक्य कोसळते. उलट ‘फाइनली ग्राउंड’ म्हणजे बारीक दळलेले. तेथे ‘ली’ हवा. आणि ‘फायनली’, म्हणजे अखेरीस, हा आणखी वेगळा. देवनागरीत लिहिताना या दोघांची गल्लत सर्वाधिक होते.

मोरपीस

@सरळरेषा यांच्या यादीत स्वराची भर घालते. ‘मी मदत करू का’ या प्रश्नावर ‘आय ॲम फाइन’ हे उत्तर आले, तर तो प्रकृतीचा अहवाल नसून नकार असतो. मराठीत तेथे ‘मी ठीक आहे’ लिहिले की संवाद लाकडी होतो. ‘असू द्या’ किंवा ‘राहू द्या’ हेच खरे भाषांतर. बोलणारा रागावलेला असेल आणि त्याने नुसते ‘फाइन’ म्हणून पुढे पूर्णविराम दिला असेल, तर ते ‘बरं’ आहे. तोंडातल्या तोंडात म्हटलेले, पाठ फिरवता फिरवता म्हटलेले ‘बरं’.

उपरोधही विसरू नये. ‘अ फाइन मेस’मध्ये काहीही सुंदर नाही, आपण ‘छान गोंधळ घालून ठेवलास’ म्हणतो तेव्हा ‘छान’चे जे होते, तेच तेथे ‘फाइन’चे होते. येथे मात्र शब्दशः भाषांतर बिनधोक चालते, आणि असे प्रसंग विरळाच.

धूलिकण

हवेच्या प्रदूषणावर मराठीत लिहिताना ‘फाइन’ने मला अडचणीत आणले आहे. 2.5 मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे कण ‘फाइन’, 2.5 ते 10 मधले ‘कोर्स’ म्हणजे जाड, आणि 0.1 हून लहान ते ‘अल्ट्राफाइन’. पहिल्यांनाच ‘अतिसूक्ष्म’ म्हणून टाकले, तर तिसऱ्यांसाठी शब्दच उरत नाही. मी ‘सूक्ष्म’ आणि ‘अतिसूक्ष्म’ अशी जोडी वापरतो, पण ‘सूक्ष्मजीव’, ‘सूक्ष्मदर्शक’ यांत ‘सूक्ष्म’ आधीच ‘मायक्रो’साठी गुंतलेला आहे.

मुद्रितवाचक

@धूलिकण, म्हणून म्हणतो, ‘बारीक’ला हिणवू नका. जाड कण, बारीक कण, अतिसूक्ष्म कण. तीन पायऱ्या, तिन्ही स्पष्ट. ‘बारीक’ फारसीतून आला म्हणून तो शास्त्रीय लेखनात कमी दर्जाचा, असे काही नाही.

धूलिकण

‘बारीक कण’ वाचून वाचकाला डोळ्यांना दिसणारी धूळ आठवते, हीच माझी अडचण आहे. हे कण एकेकटे डोळ्यांना दिसत नाहीत. तेव्हा ‘सूक्ष्म’च ठेवतो, ‘मायक्रो’वाल्यांनी आपले पाहावे.

तळटीप

जाता जाता एक भावंड राहिले होते. ‘ॲफिनिटी’ म्हणजे सीमेला सीमा लागून असणे, म्हणून जवळीक. कायद्यात विवाहामुळे जडणाऱ्या नात्याला हा शब्द आहे. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ दुसऱ्या पदार्थाशी संयोग पावण्याची ओढ. 1830 मध्ये कार्ल रायखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लाकडाच्या डांबरातून एक मेणचट पदार्थ वेगळा केला. तो सहसा कशाशीच संयोग पावेना, म्हणून त्याने लॅटिन ‘पारुम’, म्हणजे अल्प, आणि ‘आफिनिस’ जोडून त्याला ‘पॅराफिन’ असे नाव दिले.

निमशहाणा

माझ्या कार्यालयात अशी पॅराफिन बरीच आहेत.

शब्दपारखी

शेवटचा एक वाक्प्रचार विचारते. ‘वन फाइन डे’ आणि ‘वन फाइन मॉर्निंग’ यांचे ‘एका सुंदर सकाळी’ असे भाषांतर मी अनेक ठिकाणी वाचले आहे. त्या सकाळी पुष्कळदा कोणाची तरी नोकरी जाते किंवा घर कोसळते. ते कसे लिहावे?

मोरपीस

‘एके दिवशी’, बस. फार तर ‘एक दिवस अचानक’. तेथे ‘फाइन’ला हवामानाशी किंवा सौंदर्याशी काही देणेघेणे नाही, दिवस कोणता हे महत्त्वाचे नाही, एवढेच त्यातून सांगायचे असते. त्याच धाटणीचा दुसरा फसवा प्रयोग म्हणजे ‘कटिंग इट फाइन’ : गाडी सुटायला दोन मिनिटे असताना फलाटावर पोचणाऱ्याविषयी ते म्हणतात. ‘बारीक कापणे’ असे भाषांतर मी छापील मजकुरात पाहिले आहे. ‘अगदी काठावर गाठणे’ असे करावे.